बोलावल्याशिवाय खाली येऊ नका

मी खोटं बोलत नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, तो माझ्या रोजच्या नेमाचाच भाग आहे. पहाटे उठायचं, दिवा लावायचा, सूर्य दिसेपर्यंत मौन पाळायचं, दिवसातून एकदाच जेवायचं आणि जे पाहिलं तेवढंच सांगायचं. त्यामुळे पुढचं तुम्हाला पटो न पटो, त्यात पदरचं काही नाही.

जागेचं नाव लिहिणार नाही. तशी ताकीदच आहे. एवढंच समजा की तिथे लष्कराचं एक लहानसं विमानतळ होतं, तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाच्या अलीकडे आमच्यासारख्यांची क्वार्टर्स.

अशा गोष्टी रात्री घडतात म्हणे.

ही उजाडता उजाडता घडली.

आणि घडून संपली, असं मला अजून म्हणवत नाही...

माझा धाकटा भाऊ तिथल्या टॉवरमध्ये होता. विमानांनी कधी उडायचं, कधी उतरायचं, हे वायरलेसवरून सांगायचं त्याचं काम. घरी तो धाकटा. टॉवरमध्ये त्याला सगळे घुबड म्हणायचे, कारण रात्रपाळी मागून घ्यायचा. माझे यजमान गेल्यापासून मी त्याच्याकडेच असते. भावजय तोंडाची फटकळ, पण मनानं लोणी. माझ्या मौनावर तिची रोज एक तरी कोटी व्हायचीच.

"वन्सं, तुमचं मौन मला द्या आणि माझं तोंड तुम्ही घ्या. तुमच्या भावाचे कान तरी सुटतील."

थंडीचे दिवस होते. त्या पहाटे धुकं इतकं होतं की गॅलरीच्या कठड्यापाशीच जग संपलंय असं वाटत होतं. मी दिवा लावला आणि माळ घेऊन गॅलरीत बसले. त्या वेळचे आवाज मला पाठ आहेत. मेसच्या मागे आचारी पातेली आपटतो. फाटकावरचा पहारेकरी खोकतो. पाण्याच्या टाकीवर पारवे घुमतात. आणि जनरेटरची घरघर तर अखंड.

आधी पारवे गप्प झाले.

मग पहारेकऱ्याचा खोकला अर्ध्यातच तुटला.

मग जनरेटर... तो बंद पडला नव्हता. दिवे सगळे चालू होते. फक्त त्याचा आवाज येईना.

मी वर पाहिलं.

धुक्यात एक दिवा होता.

पिवळट, मोठा, स्थिर. विमानाचे दिवे मी वर्षानुवर्षं पाहत आलेय. ते लुकलुकतात. हा लुकलुकत नव्हता. कसलाही आवाज नव्हता. तो टाकीच्या मागे गेला, दुसऱ्या बाजूनं बाहेर आला, टॉवरवरून पुढे सरकला, आमच्या छतावरून गेला आणि पुन्हा टाकीच्या मागे...

गोल. हळूहळू. एकाच उंचीवरून.

घारही गोल फिरते, पण ती काहीतरी शोधत असते. हा शोधत नव्हता. हा वाट पाहत होता.

माझी माळ हातातच थांबली. आत भावजय झोपली होती, पण हाक मारता येत नव्हती. सूर्य वर यायचा होता.

तो आला. धुक्यात नुसती तांबूस रेघ उमटली. पारवे एकदम फडफडले, जनरेटरची घरघर कानावर आदळली आणि वर काहीच नव्हतं.

धाकटा घरी आला तो बूट न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. चेहरा राखेसारखा.

"ताई, तू गॅलरीत होतीस ना?"

"होते."

"पाहिलंस?"

"पाहिला. दिवा होता."

त्यानं डोळे मिटले. सुटल्यासारखे नाही, आणखी अडकल्यासारखे.

मग त्यानं सांगितलं. धुक्यामुळे त्या रात्री एकही विमान वर नव्हतं. सगळी शेडमध्ये उभी. रडारचा पडदा कोरा. पहाटे हेडफोनमध्ये एक आवाज आला. पुरुषाचा. शांत, दमलेला.

"धावपट्टी दिसत नाही. उतरू का?"

धाकट्यानं विचारलं, कोण बोलतंय, विमान कोणतं, कुठून आलात.

"धावपट्टी दिसत नाही. उतरू का?"

"मग तू काय म्हणालास?" भावजयीनं विचारलं. ती दारात येऊन उभी होती.

"काय म्हणणार? धुक्यात कुणालाही जे सांगतो तेच. तोंडात बसलंय ते. म्हटलं, थांबा. वरच फिरत राहा. बोलावल्याशिवाय खाली येऊ नका."

"आणि तो?"

"म्हणाला... बरं. थांबतो."

भावजयीला हसू आलं, पण ते तोंडावर पोचलं नाही.

"गेला असेल मग कंटाळून," ती म्हणाली.

"जात नाहीत." धाकटा माझ्याकडे बघत होता. "आमच्यात एक रीत आहे, ताई. ज्यानं थांबवलं, त्यानंच खाली घ्यायचं. खुर्ची सोडायची असेल तर पुढच्याला सांगून सोडायची, की बाबा रे, वर अमका थांबलाय, आता तो तुझा. सकाळच्या पाळीचा आमचा मास्तर, त्याला ड्युटी देताना मी काय सांगितलं माहितेय? आकाश मोकळं आहे."

"का रे?"

"पडद्यावर नाही, खिडकीतून नाही. काय सांगू? वेड्यात काढलं असतं."

"मग मोकळंच होतं म्हणायचं."

"नाही ना ताई. मी थांबवलंय त्याला." त्याचा आवाज फुटला. "आणि तो थांबलाय."

भावजयीनं खुर्ची पुढे केली. तो बसला नाही. चहा उभ्यानंच घेतला. जेवलाही उभ्यानं.

तेव्हापासून तो बसेचना. झोपणं तर दूरच. भिंतीला टेकून डोळे मिटायचा, की दचकून सरळ व्हायचा. मी म्हणायची, टेक रे जरा. तो म्हणायचा, "तो वर आहे, आणि मी कसा बसू?"

झाकली मूठ राहिली असती, पण दिवा पहारेकऱ्यानं पाहिला होता. आचाऱ्यानं पाहिला होता. दोघांनी वर कळवलं आणि वरून चौकशी आली. एक मोठे साहेब, एक डॉक्टर, एक टाइपिस्ट.

वैमानिकांना नकाशे समजावतात त्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं. छताला दोऱ्यांनी विमानांच्या लहान लहान प्रतिकृती टांगलेल्या. पंख्याच्या वाऱ्यावर त्या सावकाश फिरायच्या. धाकटा त्यांच्याकडे बघायचं टाळायचा.

माझाही जबाब घेतला. साहेब पिकल्या मिशांचे, मिश्कील डोळ्यांचे.

"हे सगळं पाहून तुम्ही ओरडला नाहीत?"

"माझं मौन होतं."

"डोक्यावर काहीतरी फिरतंय आणि तुमचं मौन?"

"हो."

"घर पेटलं असतं तर?"

"थाळी बडवली असती."

टाइपिस्ट खुदकन हसला. साहेबही हसले. माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. उमेदीची वर्षं त्यांनीही टॉवरमध्येच काढली होती. धाकट्याशी ते चढ्या आवाजात कधी बोलले नाहीत.

टॉवरमधलं सगळं बोलणं टेपवर जातं. ती टेप वाजवली. तिच्यावर फक्त धाकट्याचा आवाज होता. तो विचारतो... मग शांतता. पुन्हा विचारतो... पुन्हा शांतता. "बोलावल्याशिवाय खाली येऊ नका," आणि मग दोन शब्द मावतील एवढी शांतता.

"रिकाम्या जागेशी इतक्या अदबीनं बोलणारा मी पहिलाच पाहतोय," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी मान हलवली. निकाल ठरल्यातच जमा होता. दिवा म्हणजे हवामान खात्याचा भरकटलेला फुगा. आवाज म्हणजे जागरण. धाकट्यानं कबूल करायचं, की डोळा लागला, स्वप्न पडलं. मग थोडी कानउघाडणी आणि पुन्हा टॉवर. नाही म्हणाला, तर मनोरुग्ण म्हणून नोकरीतून बाहेर.

घरी भावजय त्याच्यापुढे रडली. "करा ना सही. तुमच्या एका सहीनं आभाळ कोसळणार आहे का?"

"सही केली की वर कुणी नव्हतंच असं ठरेल. मग त्याला खाली कोण घेणार?"

"अहो, पण तो आहे कोण?"

"मला काय माहीत!" धाकटा पहिल्यांदाच ओरडला. मग हळू आवाजात म्हणाला, "रोज पहाटे विचारतो. अजून थांबू का म्हणून."

टॉवरमध्ये जायला त्याला बंदी होती. घरात वायरलेस नव्हता. मला काही ऐकू आलं नव्हतं. तरी रोज पहाटे मी माळ घेऊन बसले, की तो गॅलरीच्या दारात येऊन उभा राहायचा. मान किंचित वाकडी. ऐकत असल्यासारखी. ओठ हलायचे, पण उत्तर द्यायचा नाही. वायरलेसशिवाय दिलेलं उत्तर त्याला पोचणार कसं?

दिवसेंदिवस तो वाळत चालला होता. डोळे खोल गेले. पायांना सूज आली. मी देवाजवळ दुसरं काही मागत नव्हते. माझ्या भावाला सोडव, एवढंच.

आणि एके दिवशी साहेब स्वतःच म्हणाले, "तुमच्या गॅलरीतून काय दिसतं, ते मला बघायचंय. पुन्हा धुकं पडलं की येईन."

धुकं पडलं.

साहेब अंधारातच आले. हातात छोटा वायरलेस. धावपट्टीवर त्यांनी दोन जवान उभे केले होते, त्यांच्याशी बोलायला. भावजयीनं मुकाट्यानं चहा दिला. मी दिवा लावून माझ्या जागी बसले. धाकटा दारात उभा.

"काय रे घुबडा," साहेब म्हणाले, "आज येतोय का तुझा पाहुणा?"

धाकट्याची मान किंचित वाकडी झाली.

पारवे घुमत होते.

मग घुमेनासे झाले...

साहेबांनी कप खाली ठेवला. जुना माणूस. त्यांना काहीतरी कळलं होतं. जनरेटरची घरघर विरून गेली. माझ्याच श्वासाचा आवाज मला मोठा वाटायला लागला.

दिवा टाकीमागून बाहेर आला.

साहेब उठून कठड्यापाशी गेले. दिवा टॉवरवरून पुढे आला, आमच्या डोक्यावरून गेला. त्यांची मान त्याच्याबरोबर वळत गेली. मिश्कीलपणाचा मागमूस नव्हता.

"फुगा वाऱ्याबरोबर जातो," ते स्वतःशीच पुटपुटले. "आज तर वाराच नाही."

तेवढ्यात त्यांच्या हातातला वायरलेस खरखरला.

"अजून थांबू का?"

मी ऐकलं. भावजयीनं ऐकलं, तिनं माझा खांदा घट्ट धरला. असा दमलेला आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

धाकट्यानं हात पुढे केला. "साहेब, द्या तो."

"उत्तर द्यायचं नाही." साहेबांनी वायरलेस मागे ओढला. "तू बोलावशील. पण खाली काय उतरेल, ठाऊक आहे तुला?"

"नाही. पण मी थांबवलंय त्याला."

"हा हुकूम आहे."

"साहेब... तुम्ही टॉवरमध्ये होता. तुम्ही कुणाला असं वर सोडून घरी गेला असता?"

साहेबांनी एकदा वर फिरणाऱ्या दिव्याकडे पाहिलं. मग त्यांनी वायरलेस त्याच्या हातात दिला.

धाकटा सरळ उभा राहिला. आवाज जराही हलला नाही.

"धावपट्टी मोकळी आहे. या. उतरा."

दिवा वळला.

धावपट्टीच्या रेषेत आला आणि खाली, खाली, खाली... धुक्यात बुडाला. इंजिनाचा आवाज नाही. काहीच नाही. मग ओल्या डांबरावर चाकं टेकल्याचा एकच आवाज झाला. करकरीत, लांबलचक. आणि थांबला.

वायरलेसवर एक जवान धापा टाकत होता. "साहेब... काहीतरी अंगाला चाटून गेलं... वारा लागला... साहेब, दिसत काही नाही, पण डांबर गरम झालंय..."

आणि मग तो आवाज.

"उतरलो. उपकार झाले."

धाकटा खाली बसला. तिथेच, गॅलरीच्या फरशीवर, भिंतीला पाठ लावून. लहानपणी दमून यायचा तसा. वायरलेस त्याच्या हातातून सुटला, तो साहेबांनी झेलला. भावजय त्याच्याजवळ धावली. त्याचे डोळे तेवढ्यात मिटले होते. तो झोपला होता.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. देवानं ऐकलं, असं मनात आलं न आलं तोच...

"माझ्या मागे बाकीचे आहेत," वायरलेसमधून आवाज आला. "त्यांनी उतरावं का?"

झेललेला वायरलेस साहेबांनी सवयीनं तोंडाशी धरलेलाच होता.

त्यांनी विचार केला नाही. मी पाहत होते ना, विचार करायला त्यांना सवडच नव्हती. उमेदीच्या वर्षांत जे तोंडात बसलं, तेच बाहेर पडलं.

"थांबा. वरच फिरत राहा. बोलावल्याशिवाय खाली येऊ नका."

क्षणभर नुसती खरखर.

"बरं. थांबतो."

हा आवाज वेगळा होता.

"बरं. थांबतो." आणखी वेगळा. म्हातारा.

"बरं. थांबते." ही बाई होती.

"बरं. थांबतो." "बरं. थांबतो." "बरं..."

साहेबांनी बटण दाबून वायरलेस बंद केला. तो बंद वायरलेस ते कितीतरी वेळ कानाशी धरून उभे होते. त्यांची मान किंचित वाकडी झाली होती.

ते दोघंही खाली बघत होते. साहेब धावपट्टीकडे, भावजय धाकट्याकडे. धाकटा तर झोपेत.

वर एकटी मी बघत होते.

धुकं वरच्या बाजूनं विरळ होत होतं...

सूर्य निघाला. पारवे फडफडले. मला आता बोलता येत होतं. मला कुणी काही विचारलं नाही.

चौकशीचा निकाल लागला. भरकटलेला फुगा. धाकट्याला सही करायला कुणी सांगितलंच नाही. साहेबांनी तसं लिहून दिलं म्हणे. धावपट्टी जुनी झाली या सबबीखाली ते विमानतळ बंद केलं आणि धाकट्याची बदली लांब, दुसरीकडे झाली. आता तो बसतो, जेवतो, घोरतो. भावजय म्हणते, "वन्सं, तुमच्या भावाचं घोरणं ऐकलं की वाटतं, तो दिवाच परवडला." मी हसते. त्याच्या घोरण्यानं मला रोज बरं वाटतं, हे खरं आहे.

पण परवा दुपारी फोन आला. एक बाई बोलत होत्या. आवाज माझ्यासारखाच, हळू.

"तुम्ही टॉवरमधल्या त्या भावाच्या ताई ना? मी साहेबांची मिसेस."

"हो," मी म्हटलं.

"माफ करा हं, नंबर शोधून काढला. साहेब निवृत्त झाले, पण घरात बसत नाहीत. बसतच नाहीत हो. उभ्यानं जेवतात. पहाटे गच्चीवर जातात. डॉक्टर झाले, औषधं झाली. तुमच्या भावाला असंच झालं होतं ना? कशानं बरं वाटलं त्यांना?"

मी काय सांगणार होते? धाकटा एकालाच थांबवून बसला होता. त्यानं त्याला खाली घेतलं आणि सुटला. इलाज मला ठाऊक होता. साहेबांनाही तो ठाऊक असणारच.

"साहेबांनीच मला फोन करायला सांगितलंय," बाई म्हणाल्या. "ते म्हणतात, त्या दिवशी वर फक्त ताईच बघत होत्या. त्यांना विचार, किती जण होते. बोलावण्याआधी तेवढं कळलं तर बरं, असं म्हणतात. मला काही कळत नाही, पण विचारते. किती जण होते?"

मी डोळे मिटले. मिटल्यावर ते जास्तच स्पष्ट दिसलं. विरत गेलेलं धुकं. त्याच्यावर दिव्यांचं एक कडं, सावकाश फिरणारं. त्या कड्यावर दुसरं. त्याच्यावर आणखी एक. वर, आणखी वर, आभाळ जिथवर आहे तिथवर. सगळे एकाच दिशेनं फिरणारे. कुणी कुणाला ओलांडत नव्हतं.

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम. तो त्या दिवशी मला पहिल्यांदा जड झाला.

"मोजता आले नाहीत," मी म्हटलं.

बाईंनी फोन बाजूला धरला असावा. पलीकडे पुटपुट ऐकू आली. मग त्या पुन्हा बोलायला लागल्या. आवाज आणखी हळू झाला होता.

"ताई, साहेब म्हणतायत... इतक्यांना पुरेल एवढी जागा खाली आहे का?"